तापीच्या तळाची मोजणी राहिली आहे

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर तापीचे पाणी मोजले जाते. पावसाळ्यात ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले आणि किती क्युसेक पाणी खाली सोडले, याचे आकडे काठच्या गावांना कळवले जातात, वर्तमानपत्रांत छापून येतात. हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर पाहुणे पक्षी उतरले की पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन काठावर बसतात आणि बदकांचे थवे मोजतात. सावद्याच्या स्टेशनातून केळीच्या किती वाघिणी दिल्लीकडे गेल्या, याचाही हिशेब असतो. तापीच्या पाण्यात आणि तळाच्या वाळूत काय जगते आहे, याचा सलग हिशेब मात्र नाही. माशांच्या काही याद्या आहेत. शिंपल्यांच्या तर यादीचीही वानवा आहे.

यादी आणि मोजणी यांत फरक आहे, आणि या लेखाचा सगळा रोख त्याच फरकावर आहे. एखाद्या डोहात 'खडस मिळाला' असे लिहिले की यादीचे काम संपते. किती खडस, किती लांबीचे, त्यांत पिल्ले होती का, दहा वर्षांपूर्वी याच डोहात याच जाळ्यात किती आले होते, हे मोजणी सांगते. रोगी जिवंत आहे एवढेच यादीतून कळते. ताप किती आहे हे कळायला मोजणी लागते.

माशांची नोंद आपल्याकडे उशिरा सुरू झाली असे नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून हिंडत होता. त्याने दख्खनच्या नद्यांतले, मुख्यत्वे भीमा खोऱ्यातले मासे गोळा करून त्यांचे वर्णन लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. ते १८४१ पर्यंत छापून आले. काठावरच्या कोळ्या-भोयांनी जी नावे सांगितली तीच त्याने शास्त्रीय नावांत घातली. म्हणून आज जगभरचे मत्स्यतज्ज्ञ 'टॉर खुद्री', 'लेबिओ पोटेल', 'गारा मुल्या' म्हणतात, तेव्हा ते नकळत मराठी बोलत असतात. खुद्री, पोटील, मळ्या, कोळस, अलकुट ही नावे नदीकाठच्या माणसांची. ज्ञान त्यांचे होते. साइक्सने ते कागदावर आणले.

साइक्सच्या या कामाचा सर्वांत मोठा लाभ पुण्याच्या मुळा-मुठेला झाला. फ्रेझरने १९४२ मध्ये पुण्याचे मासे पुन्हा नोंदवले, तोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये, वाघ आणि घाटे यांनी २००३ मध्ये. त्याच वर्षी खरात, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या बदलांचा दीर्घकालीन ताळेबंद 'करंट सायन्स'मध्ये मांडला. एकाच नदीवर एवढ्या पिढ्यांची नोंद असल्यामुळे कोणते मासे गेले, कोणते बाहेरून आले, हे तिथे पुराव्यानिशी बोलता येते. पुण्याला महाविद्यालये होती, संग्रहालये होती, १९५९ पासून भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र होते. नदी अभ्यासली जाते ती बहुधा अभ्यासक राहतात त्या गावाची.

तापीच्या वाट्याला एवढे भाग्य आले नाही. बेतुल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी, ६५ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे खोरे असलेली ही नदी. खोऱ्याचा बहुतांश भाग महाराष्ट्रात. तिच्यावरचा एक जुना, सविस्तर दस्तऐवज बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचा आहे: करमचंदानी आणि पिसोळकर यांचे तापीच्या माशांचे आणि मासेमारीचे सर्वेक्षण, १९६७. त्याचे मोल त्याच्या तारखेत आहे. उकाई धरण १९७२ चे, हतनूर १९८२ चे. म्हणजे तापीचा मधला भाग मोठ्या भिंतींनी अडवला जाण्यापूर्वीचे हे चित्र आहे. पुढे तापीवर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे, शेळगाव असे बॅरेज आले आणि वाहती नदी म्हणजे तलावांची माळ झाली. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी नंतर हतनूरसारख्या जलाशयांतल्या माशांच्या याद्या केल्या, त्या उपयोगाच्या आहेत. पण प्रत्येकाची जागा वेगळी, जाळे वेगळे, ऋतू वेगळा. दोन याद्या शेजारी ठेवून 'अमका मासा कमी झाला' असे ठामपणे म्हणता येत नाही.

सावद्याच्या उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्याचे नाव मत्स्यशास्त्रात एका मोठ्या वादाला मिळालेले आहे, ही गोष्ट आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक असेल. सुंदरलाल होरा, पुढे प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक, यांना एक कोडे पडले होते. ईशान्य भारतातल्या डोंगरी ओढ्यांतल्या माशांचे जवळचे नातलग थेट सह्याद्रीत सापडतात, मधल्या मैदानांत सापडत नाहीत. हे मासे आले कसे? होरांनी १९४० च्या दशकात उत्तर दिले की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच आणि सलग असावी, आणि तिच्या थंड, खळखळत्या ओढ्यांतून हे मासे पिढ्यानपिढ्या पश्चिमेकडे सरकत गेले. यालाच 'सातपुडा सिद्धान्त' म्हणतात. जनुकीय अभ्यास आल्यावर त्यावर बरेच आक्षेप आले आणि आज तो जसाच्या तसा कोणी मानत नाही. पण तो वाद तडीस न्यायचा तर सातपुड्याच्या ओढ्यांतलेच नमुने हवेत. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये होशंगाबाद बाजूचे मासे नोंदवले. दक्षिण उतारावरच्या, म्हणजे पालहून खाली येणाऱ्या सुकीच्या, मोरच्या, अनेरच्या डोहांकडे तितके लक्ष गेले नाही. १९६९ पासूनचे यावल अभयारण्य या नद्यांच्या माथ्यावर आहे, आणि अभयारण्य म्हटले की डोळ्यांपुढे बिबट्या येतो. ओढ्यातल्या दगडाला पोटाने चिकटून राहणारा बोटभर मळ्या येत नाही.

हे झाले माशांचे. शिंपल्यांची कहाणी अधिक उपेक्षेची आहे.

नदीतला शिंपला आपल्या घरांना अनोळखी नव्हता. मधोमध घासून भोक पाडलेला शिंपला हे कैरी सोलायचे जुने हत्यार. पण तो नदीत जगतो कसा, हे काठावरच्या माणसालाही सहसा पाहायला मिळत नाही. तळाच्या वाळूत किंवा चिखलात तो अर्धा रुतून उभा असतो, वरच्या टोकाची फट किलकिली ठेवून पाणी आत घेतो, त्यातले शेवाळ आणि सूक्ष्म कण खातो आणि निवळलेले पाणी बाहेर सोडतो. एक मोठा शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी असे गाळतो. तापीत आणि तिच्या उपनद्यांत शोध घ्यायचा तो तीन गटांचा: लांबट, काळपट, पातळ कवचाचा लॅमेलिडेन्स, लहान, जाड, सांध्याजवळ सुरकुत्या असलेला पॅरेशिया, आणि नखाएवढी, पिवळसर कॉर्बिक्युला.

पहिल्या दोघांच्या जन्माची रीत विलक्षण आहे. मादी आपल्या कल्ल्यांत अंडी वाढवते आणि त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडते. त्या अळीला ठरावीक काळात मासा सापडला पाहिजे. ती त्याच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते, तिच्याभोवती माशाच्या कातडीचे आवरण तयार होते, आत तिचे रूपांतर होते, आणि मग इवला शिंपला होऊन ती तळाला पडते. मासा जेवढा पोहला तेवढा शिंपल्याचा प्रवास. ज्याला स्वतःच्या बळावर फार दूर सरकता येत नाही, तो असा माशाच्या अंगावरून नदीभर पसरतो. कुठल्याही माशावर हे जमतेच असे नाही. अनेक जातींचे यजमान मासे ठरलेले असतात. युरोपातल्या मोतीशिंपल्याला सामन किंवा ट्राउटच लागतो. कॉर्बिक्युला मात्र या फंदात पडत नाही, ती पिल्ले थेट पाण्यात सोडते. म्हणून ज्या पट्ट्यात नुसती कॉर्बिक्युलाच भरभरून मिळते आणि मोठ्या शिंपल्यांचे पिल्लू एकही मिळत नाही, तिथे मासा आणि शिंपला यांचे नाते कुठेतरी तुटले असल्याचा संशय घ्यावा.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेच्या सस्क्वेहाना नदीवर १९२८ मध्ये कोनोविंगो धरण झाले आणि समुद्रातून वर येणाऱ्या ईल माशांची वाट बंद झाली. वरच्या भागात एका जातीचे शिंपले अजून भरपूर दिसत होते. मोजल्यावर कळले की बहुतेक सगळे म्हातारे आहेत. त्यांच्या अळ्यांना हवा असलेला मासाच येत नव्हता. मग ईलची पिल्ले धरणाखाली पकडून, वाहून नेऊन वर सोडण्याचे काम हाती घेण्यात आले. तिथल्या एखाद्या साध्या यादीत त्या शिंपल्यापुढे अनेक दशके 'विपुल' असाच शेरा पडला असता. वय मोजले म्हणून खरे कळले. शिंपले दीर्घायुषी असतात, युरोपातला मोतीशिंपला शंभरी ओलांडतो. त्यामुळे नदी बिघडली तरी ते लगेच दिसेनासे होत नाहीत. जुनी पिढी उभी राहते, नवी येत नाही. आपल्या खेड्यांत घरे शाबूत आणि शाळा ओस पडावी, तसे.

भारतीय शिंपल्यांचे वर्गीकरण शंभर वर्षांपूर्वीच चांगले मार्गी लागले होते. प्रेस्टनचा ग्रंथ १९१५ चा. अ‍ॅनंडेल आणि बैनीप्रसाद यांचे काम त्यापुढचे. सुब्बा राव यांची गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांची हस्तपुस्तिका १९८९ ची. त्याहून जुनी साक्ष आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले दगड होऊन बसलेले आहेत. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात ते गोळा केले. साडेसहा कोटी वर्षांमागे, ज्वालामुखी थोडे थंड झाले की, तेवढ्या मुदतीत हे प्राणी तळ्यांत राहून घेत होते.

आणि तरी महाराष्ट्रात शिंपल्यावर सर्वाधिक काम झाले ते प्रयोगशाळेत. गेल्या काही दशकांत मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या प्राणिशास्त्र विभागांनी जायकवाडी, गिरणा अशा जलाशयांतून शिंपले आणून त्यांच्यावर जड धातूंचे, कीटकनाशकांचे परिणाम तपासले. एवढ्या तीव्रतेला इतक्या तासांत निम्मे मेले, ऊतींत हा बदल झाला, असे शोधनिबंध विपुल आहेत. त्यांतून विषबाधा कळली, यात शंका नाही. पण ज्या पाण्यातून ते आणले, तिथे चौरस मीटरला किती होते आणि दहा वर्षांनी किती उरले, याची नोंद फारशी झाली नाही. त्या विभागांतल्या विद्यार्थ्यांना शिंपला ओळखता येतो, हाताळता येतो, मोजता येतो. त्यांचे पाऊल टाकीकडून तळाकडे वळायला हवे.

मोजायचे कशासाठी, हे नदीच्या आजच्या अवस्थेवरून समजते. हतनूर तापी आणि पूर्णेच्या संगमाखाली, चांगदेवच्या जवळ. पूर्णा वऱ्हाडची काळी माती घेऊन येते आणि धरणाची बरीच साठवण गाळाने खाल्ली आहे. वाळू आणि गोट्यांच्या तळावर वाढणाऱ्या जातींवर हा गाळ बसतो. पाणी उतरले की काठचे शिंपले उघडे पडतात, आणि त्यांना धावून आत जाता येत नाही. खाली वाळू उपसली जाते. यंत्राच्या एका बकेटीत वाळूबरोबर शिंपल्यांची वस्तीच उचलली जाते, आणि माशांची अंडी घालायची जागाही. पाण्यात जे सोडले जाते ते वेगळेच. कटला, रोहू, मृगल हे मुळात गंगेकडचे मासे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून माशांचे प्रजनन यशस्वी केले, बीज मुबलक झाले आणि देशभरच्या जलाशयांत हेच तीन मासे पोचले. कॉमन कार्प आणि १९५२ मध्ये देशात आलेला टिलापिया, आपली 'चिलापी', हे तर परदेशी. थाई मांगूरवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, तरी तो मिळतो. मासेमार संस्थांचे पोट या बीजावर आहे आणि ते भरलेच पाहिजे. पण सरकारी उत्पादनाचा आकडा टनांत वाढतो तेव्हा त्या टनांत कानोशी किती, शिंगाळा किती, वाम किती, हे वेगळे लिहिले गेले पाहिजे. एकूण वजन वाढत असताना स्थानिक मासे संपू शकतात.

खडसाचेच पाहा. नर्मदा-तापीकडचा जो खडस, 'टॉर टॉर', त्याला २०१८ च्या जागतिक लाल यादीत 'पुरेशी माहिती नाही' या गटात टाकले आहे. मध्य प्रदेशचा हा राज्यमासा. एका राज्याने मानचिन्ह केलेल्या माशाबद्दल जगाला पुरेसे ठाऊक नाही, याचे कारण त्याच्या नद्यांत मोजणी झाली नाही. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचा, माशांसकट शिंपल्यांचाही, एकत्रित आढावा २०११ मध्ये निघाला. सातपुडा आणि खानदेश त्या नकाशाबाहेर राहिले.

आता मोजणी कशी करावी याकडे येतो. यात महाग यंत्रांपेक्षा शिस्त लागते. सावद्यापासून विचार केला तर तीन प्रकारच्या जागा हाताशी आहेत: पालजवळची डोंगरी सुकी, हतनूरचा फुगवटा, आणि धरणाखालची तापी. प्रत्येकीवर ठरलेले ठिकाण, ठरलेले अंतर, ठरलेले महिने. दिवाळीनंतर पाणी निवळते तेव्हा एकदा. आणि एप्रिल-मेमध्ये, नदी डोहांपुरती उरते तेव्हा दुसऱ्यांदा. उन्हाळ्यातला डोह ही नदीची तिजोरी आहे, पुढच्या पावसाळ्याचे सगळे बीज त्यात असते. माशांसाठी वेगवेगळ्या आसाची जाळी ठरलेल्या तासांसाठी लावायची, फेकजाळे ठरलेल्या वेळा टाकायचे, प्रत्येक माशाची लांबी लिहून, फोटो काढून तो परत सोडायचा. विजेचा धक्का, सुरुंग, विष यांना जागा नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरवले आहे. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्थांत पाण्यातल्या डीएनएवरून कोणते जीव तिथे आहेत हे ओळखण्याचे तंत्र विकसित झाले आहे. ते दुर्मीळ मासा हुडकायला उपयोगी, पण पाण्याचा नमुना माशाची लांबी आणि शिंपल्याचे वय सांगत नाही.

शिंपल्यांसाठी एक मीटरची चौकट पुरते. ती तळावर ठेवायची आणि आतली वाळू बोटांनी, चार-पाच इंच खोलीपर्यंत, चाचपून काढायची. घाई करणाऱ्याच्या हाताला मोठेच लागतात, म्हणून वाळू चाळून घेणे आवश्यक. पिल्ले चाळणीत सापडतात आणि खरी बातमी तीच असते. प्रत्येकाची लांबी कॅलिपरने. रिकामी कवचेही गोळा करून वेगळी मोजायची, कारण ती गेलेल्या वस्तीची पाटी आहे: ज्या जातीची कवचे आहेत आणि जिवंत एकही नाही, ती जात तिथे होती. मत्स्यजाळ्यात आलेल्या माशांचे कल्ले भिंगाखाली पाहिले तर चिकटलेल्या अळ्या दिसू शकतात, आणि कोणत्या भारतीय शिंपल्याला कोणता मासा लागतो या फार थोड्या अभ्यासलेल्या प्रश्नाला इथेच हात घालता येईल. म्हणूनच दोन्ही मोजण्या एकाच दिवशी, एकाच जागी व्हाव्यात असा माझा आग्रह आहे.

हे काम कोणाच्या बळावर? भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाने आणि मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मिळून जे केले, ते वाट दाखवणारे आहे. त्यांनी ढीवरांना माहीत असलेल्या माशांची, पाणवनस्पतींची नोंद केली, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे जाणत्यांकडून समजून घेतले आणि तलावांत त्या वनस्पती पुन्हा लावल्या. आपल्याकडे भोई आहेत, कोळी आहेत, सातपुड्यात तडवी आणि पावरा आहेत. जुन्या भोयाला डोहाचा तळ आपल्या अंगणासारखा माहीत असतो. त्याला मजूर म्हणून नव्हे, सहलेखक म्हणून घेतले पाहिजे. साइक्सने निदान नावे तरी त्यांची ठेवली होती.

नोंद झाली की संरक्षण शक्य होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या बोटभर माशाचे वर्णन २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आणि वाड्याजवळ तिळसेश्वराच्या वैतरणेत देवाच्या नावाने राखलेले खडस आजही आहेत. श्रद्धेने राखलेल्या त्या डोहांचे मी मनापासून कौतुक करतो. पण देवाने मासे राखले, शिंपल्यांना तेही कवच नाही.

काळ आता थांबणारा नाही. रावेर-यावलचा भूजल उपसा मर्यादेपलीकडे गेला आहे, केळीला पाणी हवे आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटाळ बझाडा पट्ट्यात तापीचे पाणी मुरवणाऱ्या महापुनर्भरण योजनेसाठी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. योजना गरजेची आहे. विहिरी आटलेल्या शेतकऱ्याला कोणी वेगळे सांगू नये. पण तापीचे पाणी वळणार, सुकी-मोरच्या पात्रांत नवे पाणी येणार, तेव्हा त्याआधी तिथे काय होते हे लिहिलेले असायला हवे. उकाई आणि हतनूरपूर्वीचे चित्र निदान १९६७ च्या अहवालात सापडते. या वेळी तेवढेही नसेल, तर पुढच्या पिढीला तुलना करायला काहीच उरणार नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावाची नोंदवही मागून पाहा, त्यात मासे किती आहेत ते मोजा, शिंपले आहेत का ते पाहा. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आणि फैजपूर-रावेरची महाविद्यालये यांनी एकेक पट्टा वाटून घेतला आणि वीस वर्षे न सोडता धरला, तर तापीचे काम होईल. तोवर, उन्हाळ्यात नदीवर गेलात आणि पायाला जिवंत शिंपला लागला, तर त्याची लांबी घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि तो ज्या बाजूने रुतलेला होता त्याच बाजूने परत वाळूत खोचा.